कोर्टाची पायरी चढलेली चळवळ

अमेरिकेतल्या पर्यावरण चळवळीची गोष्ट सांगायची एक ठरीव रीत आहे. १९६२ साली रेचल कार्सन यांचं कीटकनाशकांच्या विषाबद्दलचं ‘सायलेंट स्प्रिंग’ हे पुस्तक आलं आणि लोकांचे डोळे उघडले. १९६९ साली क्लीव्हलंडमधली कायहोगा नदी पेटली आणि देश हादरला. २२ एप्रिल १९७० रोजी पहिल्या वसुंधरा दिनाला दोन कोटी माणसं बाहेर पडली आणि सरकारला कायदे करणं भाग पडलं. पुस्तक, आग, मोर्चा, कायदा. यातून निघणारं तात्पर्यही ठरलेलं: आधी जनजागृती करा, बाकीचं मागोमाग येतं. आपल्याकडे ५ जूनच्या, म्हणजे पर्यावरण दिनाच्या, कार्यक्रमांत रोपाला पाणी घालून झालं की पाहुणे हेच सांगतात.

यातली एकही घटना खोटी नाही. पण मधलं बरंच काही गाळलं जातं, आणि जे गाळलं जातं तेच कामाचं आहे. माझं म्हणणं असं की, लोक जागे झाले म्हणून ती चळवळ टिकली हे अर्धंच खरं. जाग्या झालेल्या लोकांच्या हाती तीन हक्क आले म्हणून ती टिकली: कोर्टात उभं राहण्याचा, कारखान्याचा आकडा पाहण्याचा आणि वकिलाचा खर्च वसूल करण्याचा.

आधी ती पेटलेली नदी घेऊ. २२ जून १९६९, रविवार. रेल्वेच्या पुलाखाली पाण्यावर तेलाचा तवंग आणि लाकूडफाटा साचला होता. वरून जाणाऱ्या गाडीची ठिणगी पडली असावी. अर्ध्या तासाच्या आत आग विझली, नुकसान सुमारे ५० हजार डॉलरचं. ज्वाळांचा फोटो घ्यायलाही कुणाला सवड मिळाली नाही. ऑगस्टमध्ये ‘टाइम’ साप्ताहिकाने नदीवर लिहिलं, तेव्हा सोबत छापलेला धुराच्या लोटांचा फोटो १९५२च्या आगीचा होता. ती आग खरोखर मोठी होती, दहा लाख डॉलरच्या वर नुकसान झालं होतं. तेव्हा मात्र देश ढिम्म राहिला. नदी त्याआधीही अनेकदा पेटली होती, अगदी १८६८ पासून.

आणि क्लीव्हलंडच्या लोकांना जागं करायची गरजच नव्हती. आगीच्या सात महिने आधी, नोव्हेंबर १९६८ मध्ये, त्यांनी नदी स्वच्छ करण्यासाठी १० कोटी डॉलरचे कर्जरोखे काढायला मतदान करून मंजुरी दिली होती. म्हणजे जागृती होती आणि खिशात हात घालायची तयारीही होती. आगीच्या दुसऱ्या दिवशी महापौर कार्ल स्टोक्स यांनी पत्रकारांना नदीकाठी फिरवलं. मोठ्या अमेरिकी शहराचे पहिले कृष्णवर्णीय महापौर, मुरलेले राजकारणी. त्यांना दाखवायची होती शहराची हतबलता. कारखान्यांना सांडपाणी सोडायचे परवाने राज्य सरकार देत होतं. ज्या शहरातून ती घाण वाहत होती त्या शहराला कारखान्याच्या नळाला हात लावायचा अधिकार नव्हता. मला या प्रसंगात आगीपेक्षा ही परवान्याची भानगड जास्त महत्त्वाची वाटते.

आता पुस्तक. शहाण्याने कोर्टाची पायरी चढू नये, हे आपण वाडवडिलांकडून ऐकत आलो. न्यूयॉर्कजवळच्या लाँग आयलंडवर काही लोकांनी १९५७ साली हे शहाणपण गुंडाळून ठेवलं. त्या वर्षी जिप्सी मॉथ या पतंगाच्या अळ्या मारायला सरकारी विमानांनी तेलात कालवलेलं डीडीटी हे कीटकनाशक घरांवर, कुरणांवर, तळ्यांवर सरसकट फवारलं. मार्जरी स्पॉक आणि मेरी रिचर्ड्स या दोघी तिथे रसायनांशिवाय भाजीपाला पिकवत होत्या, कारण रिचर्ड्स आजारी असायच्या आणि त्यांना निर्विष अन्न लागायचं. विमान त्यांच्या वाफ्यांवरूनही गेलं, एकदा सोडून अनेकदा. पक्षिशास्त्रज्ञ रॉबर्ट कुशमन मर्फी आणि आणखी काही शेजाऱ्यांना घेऊन त्या कोर्टात गेल्या. खटला हरल्या. १९६० साली सर्वोच्च न्यायालयाने प्रकरण ऐकायलाही नकार दिला. एकट्या न्यायमूर्ती विल्यम डग्लस यांनी वेगळं मत नोंदवलं.

पण खटला चालू असताना स्पॉकबाई रोज काय घडलं त्याचा वृत्तांत लिहून ओळखीपाळखीच्यांना धाडत असत. तो रेचल कार्सन यांच्यापर्यंत पोहोचला. साक्षी, उलटतपासण्या, तज्ज्ञांची नावं, सगळं आयतं हाती आलं. ‘सायलेंट स्प्रिंग’च्या मुळाशी असा एक हरलेला खटला आहे. म्हणून त्या पुस्तकातल्या मुक्या झालेल्या पाखरांबद्दल जेवढं बोललं जातं, तेवढंच त्यातल्या एका वेगळ्या मुद्द्याबद्दलही बोललं जायला हवं. कार्सन म्हणतात की, नागरिकांच्या मूलभूत हक्कांत विषापासून संरक्षणाची हमी नसेल, तर त्याचं कारण एवढंच की घटनाकारांना असलं संकट सुचलंच नव्हतं. म्हणजे त्यांनी प्रश्न हक्काचा केला होता. कीटकनाशक कंपन्या त्यांच्यावर तुटून पडल्या. १९६३ मध्ये राष्ट्राध्यक्ष केनेडी यांच्या विज्ञान सल्लागार समितीने कार्सन यांच्या बाजूचा अहवाल दिला, आणि १९६४च्या एप्रिलमध्ये त्या कॅन्सरने गेल्या. डीडीटीवर बंदी आली १९७२ साली. मधली आठ वर्षं पुस्तक लोकांच्या कपाटात होतंच. मग या वर्षांत काय घडलं?

घडलं ते कोर्टात आणि कोर्टासारख्या सुनावण्यांत. हडसन नदीच्या काठावर स्टॉर्म किंग नावाचा डोंगर आहे. तो पोखरून तिथे वीजप्रकल्प उभारायचा घाट कॉन एडिसन कंपनीने घातला. विरोध करणाऱ्यांपुढे पहिली अडचण अशी की, कोर्ट विचारणार: तुमचं काय गेलं? जमीन तुमची आहे? पैसे बुडाले? डिसेंबर १९६५ मध्ये अपील कोर्टाने सांगितलं की, निसर्गसौंदर्य, संवर्धन, लोकांचं फिरणं-रमणं यांच्याशी ज्यांचा खास संबंध आहे त्यांनाही दाद मागता येते. त्या दिवशी दार किलकिलं झालं. प्रकरण पुढे १९८० पर्यंत चाललं आणि शेवटी कंपनीने प्रकल्प सोडला.

त्याच सुमारास लाँग आयलंडवरच व्हिक्टर यानाकोन नावाच्या वकिलाने १९६६ मध्ये डास निर्मूलन मंडळाच्या डीडीटी फवारणीविरुद्ध आपल्या बायकोच्या नावाने दावा ठोकला. आसपासच्या काही वैज्ञानिकांनी आणि शिक्षकांनी त्याला आकडे पुरवले. कोर्टाने तात्पुरती मनाई दिली आणि पुढे दावा काढून टाकला, पण तोवर फवारणी बंद पडली होती. हरूनही काम झालं. ही मंडळी हुशार होती, त्यांनी यातून धडा घेतला आणि १९६७ साली एन्व्हायर्नमेंटल डिफेन्स फंड ही संस्था काढली. पुढे विस्कॉन्सिनमध्ये १९६८-६९ला डीडीटीवर महिनोन्‌महिने सुनावणी चालली. तिथे कंपन्यांच्या तज्ज्ञांची उलटतपासणी झाली, आणि वर्तमानपत्रांना जाहिरातीच्या भाषेऐवजी शपथेवर दिलेली उत्तरं छापायला मिळाली. सभेत टाळ्या मिळतात, पण ‘पुन्हा सांगा, हा आकडा कुठून आणला?’ असं विचारायची सोय कोर्टातच असते.

(कार्सनमुळे जगात मलेरियाने लाखो लोक मेले, हा आरोप इंटरनेटवर अधूनमधून उगवतो. १९७२ची बंदी अमेरिकेतल्या वापरावर होती. आपल्या रायगडातल्या रसायनीच्या सरकारी कारखान्यात त्यानंतरही डीडीटी तयार होत होतं.)

आता मोर्चा आणि कायदा यांचा क्रम पाहा. राष्ट्रीय पर्यावरण धोरण कायद्यावर राष्ट्राध्यक्ष निक्सन यांनी सही केली ती १ जानेवारी १९७० रोजी. वसुंधरा दिन त्यानंतर जवळपास चार महिन्यांनी. पाया मोर्च्याआधीच घातला गेला होता. मी वसुंधरा दिनाला कमी लेखत नाही. विस्कॉन्सिनचे सिनेटर गेलॉर्ड नेल्सन यांची ती कल्पना, जोडीला रिपब्लिकन पक्षाचे पीट मॅक्क्लॉस्की, सगळी जुळवाजुळव करणारा डेनिस हेज अवघा २५ वर्षांचा, आणि मोटार कामगारांच्या युनियनने पैशाची मदत केलेली. मोटारींच्या धुराविरुद्धच्या दिवसाला मोटारी बनवणाऱ्यांची युनियन पैसे देते, हे आज खरं वाटत नाही. पण त्या दिवसाचं खरं काम एप्रिलात झालं नाही, नोव्हेंबरात झालं. त्याच आयोजकांनी पर्यावरणाच्या विरोधात मतदान करणाऱ्या १२ खासदारांची ‘डर्टी डझन’ अशी यादी काढली आणि त्यातले सात त्या वर्षीच्या निवडणुकीत पडले. पडलेल्यांत एका बड्या समितीचे अध्यक्षही होते. डिसेंबरात पर्यावरण संरक्षण संस्था, म्हणजे ईपीए, सुरू झाली आणि ३१ डिसेंबरला स्वच्छ हवा कायद्यावर सही झाली. सिनेटमध्ये हे विधेयक ७३ विरुद्ध शून्य मतांनी गेलं होतं.

निक्सन काही वृक्षप्रेमी नव्हते. मेन राज्याचे सिनेटर एडमंड मस्की पर्यावरणाच्या जोरावर राष्ट्राध्यक्षपदाकडे निघाले होते, त्यांच्या शिडातला वारा काढून घ्यायचा होता. १९७२ मध्ये स्वच्छ पाणी कायदा आला तेव्हा खर्चाचं कारण देऊन निक्सन यांनीच नकाराधिकार वापरला, आणि दुसऱ्याच दिवशी संसदेने तो उलथवला: सिनेटमध्ये ५२ विरुद्ध १२, प्रतिनिधीगृहात २४७ विरुद्ध २३. आजच्या अमेरिकेत असे आकडे शोधून सापडायचे नाहीत.

पण कायदा होणं निराळं आणि चालणं निराळं. पर्यावरण धोरण कायदा मोजक्या पानांचा. प्रत्येक मोठ्या सरकारी प्रकल्पाआधी परिणामांचा अहवाल करा, एवढीच त्याची धार. अणुऊर्जा आयोगाने तो पाळायची नामी युक्ती काढली: अहवाल फाइलला जोडायचा, पण कुणी हरकत घेतली नाही तर परवाना देणाऱ्या मंडळाने तो वाचायचा नाही. मेरीलंडमधल्या काल्व्हर्ट क्लिफ्स अणुप्रकल्पाच्या प्रकरणात १९७१ मध्ये न्यायाधीश स्केली राइट यांनी आयोगाला झोडपलं. संसदेने कागदी वाघ जन्माला घातलेला नाही, असं बजावलं. आपल्याकडे पर्यावरणीय परिणाम अहवाल ज्यांनी पाहिलेत त्यांना ही फाइलला जोडायची युक्ती ओळखीची वाटेल.

खरी करामत मात्र स्वच्छ हवा आणि स्वच्छ पाणी या दोन कायद्यांत आहे. दोन्हींत एक कलम असं की, नियम मोडला जात असेल आणि सरकार हलत नसेल, तर कुणीही नागरिक ६० दिवसांची नोटीस देऊन थेट कारखान्यावर किंवा खुद्द ईपीएवर दावा लावू शकतो, आणि कोर्ट त्याला वकिलाचा आणि तज्ज्ञांचा खर्च मिळवून देऊ शकतं. पाणी कायद्यात याला आणखी एक जोड आहे. परवाना असलेल्या कारखान्याने आपण नदीत काय आणि किती सोडलं ते स्वतः मोजायचं, सहीनिशी ठरावीक मुदतीत कळवायचं, आणि हे आकडे व्यापारी गुपित म्हणून झाकता येत नाहीत. मर्यादेचा आकडा परवान्यात, प्रत्यक्षातला आकडा अहवालात. दोन कागद शेजारी ठेवायचे. परवान्यात १० आणि अहवालात १७ असेल तर नदीत उतरून बाटली भरायची, प्रयोगशाळा शोधायची, साक्षीदार जमवायचे, यातलं काहीच लागत नाही. पुरावा कारखान्याच्या मॅनेजरनेच सही करून दिलेला असतो.

या कलमांची किंमत रेगन यांच्या काळात कळली. १९८१ मध्ये ॲन गॉर्सच ईपीएच्या प्रमुख झाल्या, संस्थेचं बजेट आणि कारवाया दोन्ही आखडले. तेव्हा नागरी संघटनांनी कार्यालयांत बसून हे अहवाल उपसायला सुरुवात केली आणि नोटिसांचा सपाटा लावला. सरकार झोपलं तरी कायदा जागा राहिला. जनजागृतीच्या भरवशावर बसले असते तर तेव्हाच सगळं आटोपलं असतं, कारण लोकांचं लक्ष तोवर महागाई आणि बेकारीकडे गेलं होतं.

यावर पहिला आक्षेप असा की, ही वकिलांची चळवळ झाली. गोरी, सुशिक्षित, वॉशिंग्टनमध्ये ऑफिस थाटून बसलेली. आक्षेपात तथ्य आहे, आणि डीडीटीचंच उदाहरण घेतलं तर ते बोचतं. डीडीटी गेल्यावर शेतांत पॅराथिऑनसारखी औषधं वाढली. ती लवकर विरतात, त्यामुळे डीडीटीने कवच पातळ होणाऱ्या गरुडाच्या अंड्यांना बरी. पण फवारल्या मळ्यात राबणाऱ्या मजुराला ती डीडीटीपेक्षा कितीतरी घातक. पक्षी वाचले, मजुराच्या वाट्याला जास्त जहरी औषध आलं. कॅलिफोर्नियातल्या डेलानोच्या द्राक्षमजुरांना हे आधीच कळलं होतं. सीझर चावेझ यांच्या युनियनने संप आणि द्राक्षांवरचा देशव्यापी बहिष्कार यांच्या जोरावर १९७० साली मळेवाल्यांशी करार केले, आणि त्यांत डीडीटीसह काही विषारी औषधांना मनाई होती. सरकारी बंदीच्या दोन वर्षं आधी, एकही न्यायाधीश न लागता. तेव्हा कागद कोर्टाचाच असावा असा माझा हट्ट नाही. तो समोरच्याला बांधून ठेवणारा हवा.

उत्तर कॅरोलायनातल्या वॉरन काउंटीत तर कोर्टाने निराशाच केली. रस्त्याकडेला चोरून ओतलेल्या पीसीबी या विषारी तेलाने भिजलेली माती पुरायला राज्याने गरीब, बहुसंख्य कृष्णवर्णीय भाग निवडला. दावे फेटाळले गेले. १९८२ मध्ये लोक मातीच्या ट्रकांपुढे आडवे झाले, ५०० हून जास्त अटका झाल्या, तरी माती तिथेच पुरली. पण अटक झालेल्यांत वॉल्टर फॉन्ट्रॉय हे संसदेतले प्रतिनिधी होते. त्यांनी सरकारी हिशेबतपासनीस कार्यालयाकडून पाहणी मागितली. १९८३च्या अहवालात आलं की, आग्नेयेकडच्या आठ राज्यांतल्या अशा चारपैकी तीन घातक कचराभूमी बहुसंख्य कृष्णवर्णीय वस्त्यांत आहेत. पर्यावरणीय न्याय हा शब्द यानंतर राजकारणात रुळला. जुन्या संघटनांना हे आपणहून दिसलं नाही, ही त्यांची मोठी चूक, आणि ती वकिली चष्म्यामुळेच झाली असं मला वाटतं: दावा लावणारा पक्षकारच ज्या वस्तीला परवडत नाही, ती वस्ती त्यांच्या फाइलींत कधी आलीच नाही.

दुसरा आक्षेप आजचा आहे. हेच कायदे वापरून सुखवस्तू लोक आपल्या दारातली पवनचक्की, रेल्वे, स्वस्त घरं अडवतात. हेही खरं. म्हणून २०२३ साली संसदेने परिणाम अहवालाला साधारण १५० पानांची आणि दोन वर्षांची मर्यादा घातली, आणि मे २०२५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने युटातल्या एका रेल्वेच्या प्रकरणात ८-० मतांनी कोर्टांना हात आखडता घ्यायला सांगितलं. मला पानांची मर्यादा खटकत नाही. अहवाल फुगले होते, आणि फुगलेला अहवाल कुणी वाचत नाही. शिवाय पर्यावरण धोरण कायदा ‘आधी बघा’ एवढंच म्हणतो, ‘करू नका’ म्हणत नाही. पण या वादात प्रदूषणाला आकड्यांत मर्यादा घालणारे हवा-पाण्याचे कायदे भरडले जाऊ नयेत. १९७०च्या हवा कायद्याने मोटारींचा धूर १९७५ पर्यंत ९० टक्के कमी करायला फर्मावलं. मुदत थोडी लांबली, पण १९७५च्या गाड्यांत धुरातलं विष कमी करणारा कॅटॅलिटिक कन्व्हर्टर आला. तो शिशाने बिघडतो, म्हणून शिसंविरहित पेट्रोल आलं, आणि मुलांच्या रक्तातलं शिसं घसरत गेलं. कुठल्याही घोषणेने एवढं साधलेलं मला माहीत नाही.

या गोष्टीत आपला धागा भोपाळचा. डिसेंबर १९८४ मध्ये युनियन कार्बाइडच्या कारखान्यातून मिथिल आयसोसायनेट सुटलं. त्याच कंपनीचा, तेच रसायन बनवणारा कारखाना वेस्ट व्हर्जिनियात इन्स्टिट्यूट या गावी होता, आणि ऑगस्ट १९८५ मध्ये तिथेही गळती होऊन शंभरावर लोक दवाखान्यात गेले. आपल्या शेजारच्या टाकीत काय आहे, हे अमेरिकेतल्या लोकांनाही ठाऊक नव्हतं. १९८६ साली तिथे माहितीच्या हक्काचा कायदा झाला: कारखान्यांनी घातक रसायनांचा साठा आणि दरसाल हवापाण्यात सोडलेलं प्रमाण नावानिशी जाहीर करायचं. भोपाळच्या मृतांनी अमेरिकी वस्त्यांना हा हक्क मिळवून दिला, असं म्हटलं तर अतिशयोक्ती होणार नाही.

त्याच वर्षी आपला पर्यावरण संरक्षण कायदा आला. त्यातही नागरिकाला ६० दिवसांची नोटीस देऊन कोर्टात तक्रार करता येते. दाद मागण्याच्या बाबतीत तर आपली न्यायालयं अमेरिकेच्या पुढे आहेत, जनहित याचिकेने ते दार कधीच उघडलं. अडतं ते पुढे. जल कायद्यात १९८८च्या दुरुस्तीने नागरिकाला तक्रारीचा हक्क मिळाला, आणि तक्रारदाराने मागितल्यास प्रदूषण मंडळाने आपल्याकडचे अहवाल द्यावेत असंही लिहिलं गेलं. लगेच खाली परंतुक: मंडळाच्या मते ते जनहिताविरुद्ध असेल, तर मंडळ नकार देऊ शकतं. ज्या मंडळाच्या ढिलाईमुळे माणूस कोर्टात निघाला, कागद द्यायचा की नाही हे त्याच मंडळाने ठरवायचं. माहिती अधिकाराने २००५ पासून थोडी वाट मोकळी केली, पण अर्ज, अपील, दुसरं अपील यांत नदीचे दोन पावसाळे जातात. आणि जिंकलात तरी वकिलाचा, प्रयोगशाळेचा खर्च कारखान्याकडून मिळेल असं कलम या दोन्ही कायद्यांत नाही.

तेव्हा येत्या ५ जूनला मागायच्याच असतील तर तीन गोष्टी मागाव्यात. ते परंतुक काढा. प्रत्येक कारखान्याचे दरमहाचे सांडपाण्याचे आकडे जबाबदार अधिकाऱ्याच्या सहीसह, मराठीत, मंडळाच्या संकेतस्थळावर टाका. आणि दावा जिंकणाऱ्या नागरिकाला खर्च द्यायचं कलम घाला.